जॅकेटातला हात

ए, तू आधी ऐक. फोन उलटा ठेव आणि मधे तोंड घालू नकोस. प्रश्न शेवटी. तोही मीच विचारणार आहे. तू फक्त ऐक.

इचलकरंजीत एक स्वप्नाली चौगुले आहे. नवरा अभिनंदन मागाच्या कारखान्यात सुपरवायझर. मुलगा ओजस, पहिलीतला. टपोऱ्या डोळ्यांचं गोड पोरगं, सगळ्या डायनासोरची नावं तोंडपाठ. पण शर्टाचं लेबल मानेला लागलं की असं किंचाळायचं की शेजारी गॅलरीत यायचे. बटण लावता येत नाही, भाताचा घास हाताला लागलेला चालत नाही. केस कापायचे म्हणजे तर युद्धच. दोघांनी धरायचं आणि न्हाव्यानं जीव मुठीत घेऊन कात्री चालवायची. पोरगं हुशार हं, डोक्यात काही कमी नाही. फक्त अंगाला जे लागतं ते त्याच्या मेंदूला दसपट होऊन पोचतं. आपल्याला पीस, त्याला खिळा.

डॉक्टर म्हणाले, याला ऑक्युपेशनल थेरपी द्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोराला कसली नोकरी लावताय?" नोकरीबिकरीचं काही नसतं त्यात. पोराचं रोजचं काम म्हणजे काय? खाणं, कपडे घालणं, खेळणं, पेन्सिल धरणं. ते त्याला जमावं म्हणून शरीराला आणि मेंदूला हळूहळू शिकवायचं, एवढंच. पण शिकवणार कोण? इचलकरंजीत माग ढीगभर, थेरपिस्ट एक सापडेना. जयसिंगपुरात एकानं बोर्ड लावला होता, तो ओजसला मणी ओवायला देऊन स्वतः मॅच बघत बसला. कोल्हापुरातल्या मॅडम चांगल्या होत्या, तर त्यांचं लग्न ठरलं आणि त्या कॅनडाला गेल्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर एकीनं मेंदूचं तेल विकायला काढलं. स्वप्नालीनं तेही घेतलं! आई आहे ना ती. रात्रंदिवस व्हिडिओ बघून घरी झोका बांधला, तांदळाच्या परातीत खेळणी लपवली, तो ओरडला की स्वतःच रडली.

शेवटी मिरजेच्या एका सेंटरला नंबर लागला. तिथल्या फर्झाना मुल्ला मॅडम ओजसला बघून म्हणाल्या, "माझ्याकडे मुलं खूप आणि हात दोनच. पण याला जॅकेट सूट होईल."

आता हे जॅकेट काय ते नीट ऐक, पुढचं सगळं त्यावर आहे. एक सूत निघालंय, आखडसूत म्हणतात त्याला. प्लॅस्टिकचा केसासारखा बारीक धागा पीळ देऊन देऊन स्प्रिंगसारखा केलेला. जरासा करंट दिला की तो गरम होऊन आखडतो, करंट काढला की सैल पडतो. आपल्या दंडातला स्नायू करतो तेच. असे शेकडो धागे मागावर विणले की एक मऊ बंडी होते आणि ती अंगाला दाबू शकते. इथे दाब, तिथे सोड, सावकाश, जोरात, हवं तसं. अभिनंदनच्या कारखान्यातच ते कापड निघायचं. रोज हजारो मीटर, आणि आपल्याच पोराला ते लागेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पण दाबायचं कसं, हे जॅकेटला कोण सांगणार? आधी त्यांनी मशीननं ठरवलेला दाब दिला होता. मुलं वैतागली. माणसाच्या हाताला एक लय असते ना, कुठे थांबतो, कुठे रेंगाळतो, ते मशीनला जमेना. मग त्यांनी युक्ती काढली. घरातल्या एका माणसाला सेन्सरचा हातमोजा घालायचा. त्यानं पोराच्या पाठीवर, खांद्यावर हात ठेवायचा, दाबायचा, फिरवायचा. हातमोजा ते सगळं टिपतो. पोराच्या मनगटावर एक पट्टी असते, ती नाडी आणि घाम बघते. पोरगं शांत झालं की स्क्रीनवर हिरवी सरळ रेघ, बिथरलं की लाल दाते. ज्याच्या हाताला रेघ हिरवी, त्याचा हात जॅकेटात भरायचा. आधारहात म्हणतात त्याला. मग शाळेत, बाजारात, कुठेही पोरगं बिथरायला लागलं की जॅकेट तोच हात फिरवतं. पोराचं अंग निवलं की शिकायला मेंदू मोकळा.

तर आधारहात कुणाचा? विचारायची गरजच नव्हती. आईचा! स्वप्नालीनं मिरजेला जायच्या आधी नखं कापली, हात क्रीम लावून मऊ केले.

सोबत अभिनंदन आणि अक्का. अक्का म्हणजे त्रिशला, स्वप्नालीची थोरली जाऊ, वरच्या मजल्यावर राहणारी. तिचं खरं तर काही काम नव्हतं. मिरजेत मावशीकडे डबा द्यायचा होता म्हणून गाडीत बसली. अक्का कशी, तर चालली की जिना हलतो, हसली की कुत्री भुंकतात. भांडी आपटणार, दार आपटणार, प्रेमानं पाठीवर थाप मारली तर समोरच्याचा चहा सांडणार.

पहिल्यांदा स्वप्नालीनं हातमोजा घातला. ओजसच्या पाठीवर हात ठेवला, अगदी हलका, मोरपिसासारखा.

स्क्रीनवर लाल दाते.

"परत करा," फर्झाना मॅडम म्हणाल्या. परत लाल. तिसऱ्यांदा ओजसनं तिचा हात झटकला. अभिनंदनचाही लाल, पण तिच्याहून कमी. मॅडम म्हणाल्या, "घरातलं अजून कोण आलंय?" अक्का कोपऱ्यात चिवडा खात बसली होती. "मी? माझा हात म्हंजे जातं हाय, मॅडम. पोरगं चेपंल." तरी हात पुसून उठली, हातमोजा घातला आणि ओजसच्या खांद्यांवर दोन्ही पंजे ठेवले, पोत्यावर ठेवावेत तसे.

हिरवी. सरळ. ओजसनं एक मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटले, गं.

स्वप्नालीला वाटलं, स्क्रीन बिघडलीय.

मॅडमनी समजावलं. हलका, सरपटता स्पर्श म्हणजे मेंदूला धोक्याची घंटा, अंगावर किडा चढल्यासारखा. जड, ठाम दाब म्हणजे 'काही नाही, मी आहे'. "आणि तुमचा हात ना, स्वप्नाली, टेकायच्या आधी कचरतो. आता हा ओरडेल का, ही भीती तुमच्या बोटांत आहे. हातमोज्याला ती दिसते, आणि ह्यालाही कळते. तुमची चूक नाही हं ही."

चूक नाही! तू सांग, एखाद्या आईला याहून वाईट काय ऐकवता येईल? परत येताना अक्का गाडीत घोरत होती आणि स्वप्नाली तिच्या मांडीवरच्या त्या जाडजूड पंजांकडे बघत होती, कुणी चोराकडे बघावं तशी.

मॅडमनी एक ताकीद दिली होती तीही सांगते. पोरगं वाढतं म्हणून दर थोड्या महिन्यांनी घरीच हात ताजा करायचा, त्याच माणसानं; त्यासाठी हातमोजा आणि छोटी स्क्रीन जॅकेटासोबतच मिळते. नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, असं चालणार नाही. कुठल्याशा गावात एका मामानं गंमत म्हणून हातमोजा घातला आणि त्या जॅकेटात पोरगी फार घाबरली. तेव्हापासून नियम पक्का, लबाडी सापडली की जॅकेट परत आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला. हात बदलायचा तर मिरजेला रीतसर चाचणी, म्हणजे पुन्हा तीच रांग.

जॅकेट आलं आणि ओजस बदलला. खरंच बदलला. आधी एक बटण लागलं. मग वरण-भात हातानं कालवला, तोंड वाकडं करत, पण कालवला. चौगुल्यांकडे दिवस मावळायच्या आत जेवण, सगळे एका पंगतीत. त्या पंगतीत पोरानं पहिला घास उचलला आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. "त्रिशलाच्या हाताला गुण हाय!" स्वप्नाली चपात्या वाढत होती. झोका कुणी बांधला होता? रांगेत कुणी तंगडतोड केली होती? गुण कुणाच्या हाताला?

"व्हय तर," अक्का म्हणाली, "आता पाटी लावतो दारात. इथं हात भाड्यानं मिळंल." सगळे खो खो हसले. अक्काला तेवढंच कळतं, हसायचं आणि हसवायचं.

एकदा तिनं ओजसला जवळ घेतलं. तो आला, बिलगला, ती सुखावली, आणि तेवढ्यात तिच्या दंडाखाली जॅकेट हललं. खांद्यापासून सुरू होऊन सावकाश खाली, ठाम. तिच्या मिठीत, तिच्या आणि पोराच्या मधे, अक्काचा हात! तिनं चटका बसल्यासारखे हात काढून घेतले.

मग ती बारीकसारीक गोष्टीत अक्काला टोचायला लागली. अक्कानं खाली भाजी पाठवली की "मीठ जरा जास्तच हं." अक्का जिन्यावरून उतरली की "भूकंप आला वाटतं." अक्का म्हणायची, "काय गं स्वप्ने, पित्त झालंय का? आलं घे."

आणि मग तो दिवस. हात ताजा करायची तारीख जवळ आली होती. घरातले सगळे कुंभोजला लग्नाला गेले होते, अक्काही. "आल्यावर करूया," म्हणून गेली. घरात फक्त स्वप्नाली आणि ओजस. तो अंगणात पडला, गुडघा फुटला. रडत आत आला. स्वप्नाली दोन्ही हात पसरून खाली बसली, "ये रे राजा." आणि तो तिच्या बाजूनं पळत गेला. खुर्चीवर जॅकेट टांगलेलं होतं, त्यात तोंड खुपसून उभा राहिला. "आई" म्हणाला नाही. "जॅकेट" म्हणाला.

तिचा तिळपापड झाला. उठली, कपाटातून हातमोजा काढला, खसकन घातला. मनात एकच, ती! जिला पोहे धड परतता येत नाहीत, ती! जिनं पोराच्या आजारावर एक ओळ वाचली नाही, ती! आणि त्या रागात तिनं ओजसच्या कमरेला गच्च हात घातले, वर पाठीवर नेले, दाबले. कचरलीच नाही. भीतीला मनात जागाच उरली नव्हती ना, सगळीकडे अक्का.

पोरगं शांत. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. हिरवी रेघ, अक्काच्या वेळी होती त्याहून सरळ.

ती तशीच बसली. तिचा हात! तिचा स्वतःचा हात! आणि स्क्रीनवर प्रश्न आला, आधारहात त्रिशला चौगुले, जतन करू का? दुसरं नाव घालायची सोयच नव्हती. मशीनला हात कुणाचा याच्याशी काय घेणंदेणं, पोराची रेघ हिरवी की झालं. नको म्हटलं तर हा हात पुसला जाणार. तिनं हो दाबलं.

आता गंमत बघ. ओजस सुसाट सुटला. शर्टाची सगळी बटणं. पेन्सिल. आणि एके दिवशी केस कापायला गेला तर खुर्चीवर गुमान बसला, न्हावीच घाबरला, "बरं हाय न्हवं पोरगं?" अख्ख्या गल्लीत बोलबाला. कुणाचा? अक्काचा! सासूबाईंनी अक्काची दृष्ट काढली, म्हणजे बघ. स्वप्नालीला ओरडून सांगावंसं वाटायचं की तो माझा हात आहे! पण सांगितलं की जॅकेट गेलं. आधी अक्काचा हात होता म्हणून जळायची, आता स्वतःचा असून अक्काच्या नावावर आहे म्हणून दुप्पट जळायची.

अक्कानं एकदा विचारलंही, "अगं, हात ताजा करायचा ऱ्हायला की." स्वप्नाली म्हणाली, "मशीननं जुनाच पुढे चालू ठेवलाय. लागेल तेव्हा सांगतील." अक्का बरं म्हणाली. पण त्याच आठवड्यात ओजसला कडेवर घेऊन ती जिना चढत होती आणि मधेच थांबली. बराच वेळ थांबली. मग खाली वळून तिनं स्वप्नालीकडे पाहिलं आणि वर गेली. आपटली नाही, हळू गेली.

मग फर्झाना मॅडमचा फोन आला. व्हिडिओवर, सगळे जेवायला बसलेले असताना. मॅडम भलत्याच खूश. "त्रिशलाताई, तुमचा नवा हात इथल्या मशीनवर आला, तो आम्ही दोन-तीन मुलांना लावून पाहिला. असा हात आम्हाला आजवर मिळालेला नाही! काही मुलं अशी आहेत की त्यांच्या घरी कुणाचाच हात जुळत नाही. काहींना तर घरच नाही. तुमचा हात त्यांना देऊ का? फक्त हो म्हणा."

सासूबाईंनी जोडलेले हात कपाळाला लावले. अभिनंदन म्हणाला, "वा वहिनी!" आणि अक्का म्हणाली, "न्हाई."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई देणार, मॅडम."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हात काय झिजतोय व्हय तुझा? एवढं कसलं मन बारीक?" अभिनंदनही बोलला, "वहिनी, लोकांच्या मुलांचा प्रश्न आहे. आपल्या पोराला मिळालं म्हणून दुसऱ्याला नको?" अक्का मान खाली घालून भात कालवत राहिली. मग ताट उचलून मोरीकडे गेली.

स्वप्नाली मागोमाग गेली. "अक्का, का नाही म्हणालात?"

अक्का दबक्या आवाजात म्हणाली. तिला दबका आवाज आहे हे तेव्हाच कळलं. "माझा हात खांद्याकडनं खाली येतोय. ह्यो कमरंकडनं वर जातोय. जिन्यावर जॅकेट हललं तवा कळलं मला. दुसऱ्याची वस्तू मी कशी दिऊ, सांग?" आणि नळ मोठा सोडून म्हणाली, "तू गप ऱ्हा. पोराचं जॅकेट जाईल. मला काय, चार दिस कंजूस म्हनतील."

आता कुणाचंही मन विरघळलं असतं, हो ना? स्वप्नालीचं नाही विरघळलं. तिला वाटलं, म्हणजे मोठेपणा पण हिलाच! हात हिच्या नावावर, गुण हिचा, आणि आता त्यागही हिचाच. आणि मी जन्मभर हिच्या उपकारात राहायचं. आणि तिचा हात, तिचा स्वतःचा, कुठल्या कुठल्या पोरांना निववणारा, तो मोरीत असा विसळून जाणार.

ती परत आली. फोन अजून चालू होता. ओजस जॅकेट घालून हातानं भात खात होता, शितं गालाला लागलेली, त्याला पत्ताही नाही. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तो हात माझा आहे."

सांगून टाकलं सगळं. कुंभोजच्या लग्नाचा दिवस, राग, हो दाबलेलं बटण, सगळं. अभिनंदनच्या हातातला घास तसाच. मॅडम म्हणाल्या, "हात खरा आहे, स्वप्नाली. तुमच्या नावानं मी तो बाकीच्या मुलांना नक्की देईन. पण जॅकेट मला परत घ्यावं लागेल. मी एकदा सूट दिली तर उद्या कुणाच्या पोराच्या अंगावर कुणाचा हात जाईल, मी कशी सांगू? तुम्ही परत रांगेत. किती दिवस, ते मला नाही सांगता येणार. सॉरी."

जॅकेट गेलं.

सासूबाई बोलायच्या बंद. अभिनंदन एवढंच म्हणाला, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी पोराच्या पाठीवर स्वप्नालीचा हात फिरत होता आणि तिचं स्वतःचं पोरगं शाळेतून आलं की दप्तर फेकून कॉटखाली शिरत होतं. बटणं अर्धी राहिली. भात परत चमच्यानं.

असंच एकदा दुपारी तो कॉटखाली, कान दाबून. स्वप्नाली फरशीवर आडवी होऊन हात लांबवत होती आणि हात परत कचरत होता, टेकतोय, नाही टेकत. तो आणखी आत सरकला. अक्का वरून नारळ खवायला खाली आली होती. दारातून तिनं बघितलं.

"जमत न्हाई वाटतं," ती म्हणाली.

स्वप्नालीनं हात आणखी लांबवला.

"जमायचं कसं? तुझ्या हातात दम कुठाय? कणीक तिंबतीस ती बी कशी, जनू कुणी बघंल म्हनून. चार व्हिडिओ बघितलं म्हंजे आई झाली व्हय? मी बग, काय वाचलं न्हाई, तरी पोरगं माझ्याच हाताला निवलं."

स्वप्नालीचे कान तापले. "अक्का, पुरे हं!"

"का पुरे? खरं बोललं की झोंबतंय. दे इकडं, मी घेतो त्याला. तुझ्यानं न्हाई व्हायचं."

"मी घेते माझ्या पोराला!" स्वप्नाली ओरडली आणि तिनं हात घातला तो थेट कमरेला, गच्च, आणि ओढून पोटाशी धरला, वर पाठीपर्यंत दाबत. ओजस ताठ झाला. मग एक मोठा श्वास सुटला, आणि तो सैल पडला. जॅकेट नाही, सूत नाही, काही नाही. नुसता हात.

अक्का नारळ खवत होती, खर्र खर्र, आणि तोंडानं चालूच. "आणि तुझ्या आमटीला तर कुत्रं इचारत न्हाई..."

तेव्हा स्वप्नालीच्या डोक्यात उजेड पडला, ही मुद्दाम करतेय! तिनं वर पाहिलं. अक्कानं खोबऱ्याकडचे डोळे काही उचलले नाहीत. आणि शप्पथ सांगते, त्या क्षणीसुद्धा, पोरगं मांडीवर शांत पडलेलं असताना, स्वप्नालीच्या मनात आलं ते हेच, की हे पण हिलाच सुचावं!

आता रोज दुपारी अक्का खाली येते आणि तिला शिव्या घालते. रांग काही पुढे सरकलेली नाही.

बोल आता. तिकडे परकी पोरं शांत झोपतायत, इकडे तिचं पोरगं निम्म्या बटणांवर अडकलंय, आणि तोंड उघडलं होतं ते चांगुलपणानं नाही, निव्वळ जळफळाटानं. अक्का तर सगळं पोटात घालायला तयार होती. फोन चालू होता, पोरगं समोर हातानं भात खात होतं. तू तिथे असतीस तर काय केलं असतंस?